खाणीचा पैसा गावाच्या जंगलाला कसा लावायचा: ग्रामसभेसाठी पायरीपायरीने

आधी पैसा येतो, मग घाईघाईत आराखडा लिहिला जातो, आणि हक्काचा कागद कुठंय हे सगळ्यात शेवटी कोणीतरी विचारतं. गडचिरोली-चंद्रपूरच्या खाणपट्ट्यात हाच उलटा क्रम पुन्हा पुन्हा दिसतो, आणि मग तीन वर्षांनी सागाची वाळलेली रोपं, गंजलेलं काटेरी तार आणि एक भला मोठा बोर्ड एवढंच उरतं. म्हणून हा लेख सगळा क्रमाबद्दलच आहे. कुठलं काम आधी, कुठलं नंतर, आणि कुठे थांबून तपासायचं.

एक शब्द आधी समजून घेऊ. खाणीने एका जागचं जंगल संपवलं तर त्याची भरपाई म्हणून दुसऱ्या जागचं जंगल वाचवायचं किंवा सुधारायचं आणि खर्च खाणवाल्याने द्यायचा, याला जगभर ऑफसेट म्हणतात. आपल्याकडे या नावाचा वेगळा कायदा नाही, आपल्याकडे भरपाई वनीकरण, एनपीव्ही, वन्यजीव आराखडा, जिल्हा खनिज निधी अशा तुकड्यांतून तो पैसा फिरतो. काम तेच आहे पण तुकडे वेगवेगळे, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

टप्पा १: पैसा कोणत्या खिशातला आहे ते ओळखा

चार खिसे आहेत, आणि चारींचे नियम वेगळे.

पहिला कॅम्पा, म्हणजे भरपाई वनीकरणाचा निधी. वनजमीन खाणीला वळती होते तेव्हा कंपनीला भरपाई वनीकरणाचा खर्च आणि जंगलाचं निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे एनपीव्ही, भरावं लागतं. २०१६ चा भरपाई वनीकरण निधी कायदा आणि २०१८ चे नियम यांच्यावर लागू आहेत. ९० टक्के राज्याकडे, १० टक्के केंद्राकडे. राज्याकडे आलेल्या एनपीव्हीतले किमान ८० टक्के जंगल आणि वन्यजीव व्यवस्थापनावर जायला पाहिजेत. हा पैसा वनविभागामार्फत खर्च होतो, थेट ग्रामसभेच्या खात्यात येत नाही, त्यामुळे इथे तुमचं काम आहे ते वार्षिक आराखड्यात म्हणजे एपीओत स्वतःचा आराखडा घुसवणं.

दुसरा डीएमएफ, जिल्हा खनिज प्रतिष्ठान. खाणवाला सरकारला जी रॉयल्टी देतो तिच्यावर आणखी १० टक्के (१२ जानेवारी २०१५ नंतर लिलावातून मिळालेला पट्टा असेल तर) किंवा ३० टक्के (त्याआधीचा पट्टा असेल तर) या निधीत जमा होतात. खर्च प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेच्या नियमांनी. २०२४ च्या सुधारित सूचनांप्रमाणे किमान ७० टक्के पैसा प्राधान्याच्या कामांवर लावायचा आणि पर्यावरण संवर्धन त्या प्राधान्याच्या यादीत आहे. हे वाक्य पाठ करून ठेवा, कारण "डीएमएफमधून जंगलाला पैसे मिळत नाहीत, रस्ता मागा" असं तुम्हाला हमखास ऐकवलं जाणार.

तिसरा खिसा म्हणजे पर्यावरण मंजुरी आणि वन मंजुरीतल्या अटी. वन्यजीव आराखडा राबवा, हरितपट्टा करा, अमुक नाला जपा वगैरे. हे कंपनीवर बंधनकारक आहे.

चौथा सीएसआर, म्हणजे कंपनीने आपल्या नफ्यातून करायचा सामाजिक खर्च. इथली गंमत अशी की जे काम कायद्याने करायचंच आहे ते सीएसआरमध्ये दाखवता येत नाही, २०२१ पासून नियमात हे स्पष्ट लिहिलंय. तरी कंपन्यांची माणसं मंजुरीतल्या अटीचंच काम "आमच्याकडून गावाला भेट" म्हणून घेऊन येतात.

*तपासा:* समोरचा म्हणतोय तो पैसा या चारपैकी कुठला, हे त्याच्याकडून लेखी घ्या. लेखी देत नसेल तर पुढचं बोलणंच नको.

मंजुरीच्या अटी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर असतात आणि कंपनीला दर सहा महिन्यांनी अटी किती पाळल्या याचा अहवाल आपल्या वेबसाईटवर टाकावा लागतो. गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींना बसवा, एका दुपारचं काम आहे, प्रिंट काढा आणि ज्या अटीत जंगल, नाला, वन्यप्राणी हे शब्द आहेत त्याखाली रेघ मारा.

टप्पा २: हक्काचा कागद

सामूहिक वनसंसाधन हक्क, ज्याला सगळे सीएफआर म्हणतात, तो मिळाला नसेल तर पैशाचा विषय बाजूला ठेवा आणि आधी तो दावा टाका. २००६ च्या वनहक्क कायद्यातलं कलम ३(१)(झ) ग्रामसभेला आपल्या पारंपरिक जंगलाचं संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करायचा हक्क देतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला तो २००९ मध्ये मिळाला, साधारण १८०० हेक्टरवर. हा कागद हातात नसताना जंगलावर खर्च झाला की तुम्ही त्या कामावरचे मजूर असता, मालकीने निर्णय घेणारे नसता.

कागद असेल तर तो नीट वाचा. नुसता निस्तार म्हणजे घरवापराचा आणि तेंदू-मोहाचा सामूहिक हक्क वेगळा आणि व्यवस्थापनाचा सीएफआर वेगळा, दोन्हींची प्रमाणपत्रं वेगळी असतात. एका गावात दहा वर्षं लोक अभिमानाने "आमचं सीएफआर आहे" म्हणत होते आणि फाईल उघडली तर त्यात फक्त गौण वनोपजाचा हक्क होता. गावकऱ्यांची चूक नव्हती, त्यांना कोणी समजावून सांगितलंच नव्हतं, पण आराखड्याच्या चर्चेत बाजू तिथेच लंगडी पडली.

कागदावरचे कक्ष क्रमांक (कक्ष म्हणजे वनविभागाने पाडलेले जंगलाचे तुकडे), क्षेत्र आणि चतुःसीमा नकाशाशी जुळतात का बघा. जीपीएस घेऊन हद्दीवरून चाला, शेजारच्या गावची दोन-चार माणसं सोबत घेऊनच चाला. हद्दीवरचा वाद पैसा यायच्या आधी मिटतो. पैसा आल्यावर तो मिटत नाही.

*थांबा:* तुमच्या सीएफआरमधले काही कक्ष दुसऱ्याच कुठल्यातरी प्रकल्पाच्या भरपाई वनीकरणाला आधीच दिलेले असू शकतात. परिवेशवर प्रस्तावासोबत वनीकरणाच्या जागेची केएमएल फाईल, म्हणजे हद्द दाखवणारी नकाशाची फाईल असते, कॅम्पाची कामं ई-ग्रीन वॉच पोर्टलवर दिसतात. आपली हद्द आणि ती हद्द एकमेकांवर ठेवून बघा. हे न बघितल्यामुळे जनावरांच्या चराईच्या जागेवर एका सकाळी खड्डे खोदायची मशीन उभी राहिलेली मी पाहिली आहे.

टप्पा ३: ग्रामसभा, समिती, खातं

इथे लोक गडबडतात ते ग्रामपंचायत आणि ग्रामसभा यांच्यात. वनहक्क कायद्यात ग्रामसभा म्हणजे गावाची, पाड्याची, टोल्याची सभा, चार गावांच्या गटग्रामपंचायतीची नाही. ठराव पंचायतीच्या लेटरहेडवर केला आणि सरपंचाची सही घेतली म्हणजे झालं, असं नाही होत.

२०१२ मध्ये सुधारलेल्या नियमांप्रमाणे गणपूर्तीला किमान निम्मे सदस्य पाहिजेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका. सकाळी अकराला सभा ठेवली तर बायका मोहाला किंवा रोवण्याला गेलेल्या असतात. संध्याकाळी ठेवा, जेवणाच्या आधी. साधी गोष्ट आहे पण यावरून सभा बेकायदेशीर ठरू शकते.

वनहक्क नियम ४(१)(ङ) खाली समिती करा, हीच जंगलाचा आराखडा बनवते आणि ग्रामसभा तिच्यावर देखरेख ठेवते. जुनी संयुक्त वनव्यवस्थापन समिती असते गावात, तिलाच नवीन नाव देऊन चालवू नका. त्या समितीत वनविभागाचा माणूस सचिव असायचा आणि चेकवर त्याची सही लागायची. आता तसं नको.

बँकेचं खातं ग्रामसभेच्या नावाने, पॅन ग्रामसभेच्या नावाने. सह्या तिघांच्या ठेवा, त्यात एक तरी बाई, आणि तिघं एकाच घरचे किंवा एकाच टोल्याचे नकोत. पासबुकाची एंट्री प्रत्येक महिन्याच्या सभेत मोठ्याने वाचायची. मी हे आग्रहाने सांगतो कारण पैशावरून फुटलेली ग्रामसभा पुन्हा जोडायला जंगल वाढवण्यापेक्षा जास्त वर्षं लागतात.

टप्पा ४: आज जंगल कसं आहे ते मोजा

हा टप्पा सगळे गाळतात, आणि पुढे सगळं यावरच अडतं. तीन वर्षांनी कोणी विचारलं "जंगल सुधारलं का" तर काय दाखवणार? सुरुवातीची मोजणीच नसेल तर दाखवायला काही नाही, आणि कंपनी म्हणेल आमची भरपाई झाली.

कसं मोजायचं ते सांगतो. नकाशावर जंगलाचे भाग पाडा, दाट, विरळ, बांबूचं, नाल्याकाठचं, उघडं. प्रत्येक भागात चौकटी आखा. दहा बाय दहा मीटरची चौकट झाडांसाठी, तिच्या आत पाच बाय पाचची झुडपांसाठी, एक बाय एकची गवत आणि बारक्या रोपट्यांसाठी. चारी कोपऱ्यांवर दगड रचून चुना मारा आणि जीपीएस पॉइंट लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच जागी येता येईल. झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजायचा. ज्या माणसाच्या हातात टेप आहे त्याच्या छातीवर खडूने तेवढ्या उंचीची खूण करून ठेवा, प्रत्येक झाडाला वेगळं मोजावं लागत नाही.

झाडं मोजणं सोपं. मन लावून मोजायची ती रोपटी. चौकटीत मोहाची, चाराची, बेहड्याची, येनाची गुडघ्याएवढी रोपं किती, आणि त्यातली किती चरलेली, किती जळून पुन्हा फुटलेली. मोठी झाडं भरपूर आणि खाली एकही रोपटं नाही, असं जंगल वरून हिरवं दिसतं, सॅटेलाइटवर दाट दिसतं, आणि आतून म्हातारं होत चाललेलं असतं. जाणत्या बायकांना सोबत घ्या. डिंक, कंद, भाज्या, औषधी मुळ्या कुठे कमी झाल्या ते त्यांना चालता चालता आठवतं, ऑफिसात बसून विचारलं तर आठवत नाही.

*तपासा:* जिथे तुम्ही काम करणार नाही अशी, पण तशीच दिसणारी दोन-तीन जागा पण मोजून ठेवा. पाऊस चांगला झाला म्हणून जंगल सुधारलं की कामामुळे, हे त्यावरूनच कळतं.

गावाची लोक जैवविविधता नोंदवही असेल तर ती या कामात घ्या. पण आधी उघडून बघा. बऱ्याच वह्या २००२ च्या जैवविविधता कायद्याची पूर्तता दाखवायला एजन्सीने बाहेर बसून लिहिल्या आहेत, शेजारच्या दोन गावांच्या वह्यांत यादी शब्दशः एकच.

टप्पा ५: खाणीत काय गेलं, त्याच्या बदल्यात किती पाहिजे

ऑफसेट हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. क्रम असा: आधी नुकसान टाळा (खड्डा, डंप, रस्ता दुसरीकडे हलतो का), मग जे टळत नाही ते कमी करा, मग खाण संपल्यावर तीच जागा दुरुस्त करा, आणि एवढं सगळं करून जे उरतं त्याची दुसरीकडे भरपाई. कंपनी थेट चौथ्यावर उडी मारत असेल तर पहिल्या तीनचा हिशोब लेखी मागा.

आता आकड्यांचा साधा हिशोब, हा मी प्रत्येक सभेत फळ्यावर मांडतो. समजा खाणीत १०० हेक्टर जंगल गेलं आणि ते चांगलं होतं, १ पैकी ०.८ गुणांचं. म्हणजे ८० गुण गेले. तुमच्या गावचं ३०० हेक्टर जंगल आज ०.५ आहे आणि मेहनत करून ते ०.६ वर येईल. मिळाले किती? ३०० गुणिले ०.१, म्हणजे ३०. गेले ८०, मिळाले ३०. बरोबरी करायला ८०० हेक्टरवर तेवढीच सुधारणा पाहिजे, आणि ती सुधारणा व्हायला वर्षं लागतात तर तोडलेलं आजच गेलंय. "१०० च्या बदल्यात ३०० हेक्टर दिले, तिप्पट दिले" हे वाक्य ऐकायला भारी वाटतं, हिशोब केला की फुगा फुटतो.

अजून दोन प्रश्न विचारायचेच. पहिला, हा पैसा आला नसता तरी हे जंगल वाचलंच असतं का? गाव आधीपासून गस्त घालून जंगल राखत असेल तर ते राखलेलं जंगल कंपनीची भरपाई म्हणून मोजता येत नाही, त्यावर झालेली नवीन सुधारणाच मोजायची. दुसरा, आपण इथे बंद केलं तर लोक लाकडाला, चराईला कुठे जातील? शेजारच्या गावच्या जंगलात गेले तर नुकसान फक्त सरकलं. म्हणून शेजारच्या ग्रामसभांना सोबत घ्या, कोरची तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा केली तसं काही.

*थांबा:* भरपाईचा पैसा स्वीकारणं आणि खाणीला संमती देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन वेगळ्या सभा, दोन वेगळे ठराव. एकाच ठरावात "सहकार्य करू", "हरकत नाही" असले शब्द टाकून आणतात. ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर १२ ग्रामसभांनी एकामागून एक खाणीला नाही म्हटलं आणि ते चाललं, म्हणजे ग्रामसभेच्या नाहीला वजन असतं. ठराव सही करायच्या आधी पूर्ण वाचून दाखवा, गोंडीत किंवा माडियात सांगायची गरज असेल तर तसं सांगा.

टप्पा ६: आराखडा

आराखडा जाड नको. वीस पानं पुरतात. त्यात काय पाहिजे ते महत्त्वाचं.

सगळ्यात आधी वापर लिहा. कोण कुठून काय आणतं, जनावरं कुठे चरतात, जळाऊ कुठून येतं, देवराई कुठे, पाणवठे कुठे. मग ठरवा काय तसंच चालू ठेवायचं, काय कमी करायचं, काय काही वर्षं बंद. बंद म्हटलं की लगेच विचारा, कोणाचं बंद? ज्या घराकडे शेती नाही, दोन शेळ्या आहेत आणि सरपण विकून मीठमिरची येते, त्यांच्या वाटेवरच कुंपण पडतं बहुतेक वेळा, कारण सभेत ते बोलत नाहीत. मादागास्करमध्ये अंबाटोवी नावाची निकेल-कोबाल्टची मोठी खाण आहे, तिच्या ऑफसेटच्या जंगलात तोड खरोखर कमी झाली असं अभ्यासात दिसलं, पण त्याची किंमत जंगलाकाठच्या गरीब शेतकऱ्यांनी मोजली, त्यांचं जाळून शेती करणं बंद झालं आणि हातात त्या मानाने फार कमी आलं. जंगल वाचलं पण माणूस उपाशी, हा आपला आराखडा नको. बंदीची झळ ज्या घरांना बसणार त्यांची नावानिशी यादी आराखड्यातच पाहिजे आणि त्यांच्यासाठीचं काम, पैसे, चारा हे त्याच पानावर.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तेंदूपत्ता तोडणंच सोडलं, कारण त्यासाठी फांद्या छाटतात आणि आगी लागतात. हे त्यांना परवडलं कारण बांबूचं उत्पन्न होतं आणि निर्णय त्यांचा स्वतःचा होता. तुमच्या गावात तेंदूवर वर्षाचा खर्च निघत असेल तर हे उचलून लिहू नका.

नियमाप्रमाणे हा आराखडा वनविभागाच्या कार्यआयोजनेशी, म्हणजे त्यांच्या जंगलकामाच्या आराखड्याशी, जोडला जातो, समितीला योग्य वाटतील ते बदल करून. म्हणजे त्यांच्या कार्यआयोजनेत तुमचं बसवायचं असं नाही, दोन्ही बसून जुळवायचं. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये सीएफआर व्यवस्थापनाच्या सूचना काढल्या आहेत, त्याची प्रत फाईलला लावा.

टप्पा ७: पैसे मागणं आणि करार

डीएमएफसाठी प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हाधिकारी या निधीचे अध्यक्ष असतात. अनुसूचित क्षेत्रातल्या गावाला इथे मोठं हत्यार आहे, योजनेच्या नियमाप्रमाणे तिथली कामं ग्रामसभेच्या मंजुरीनेच घ्यावी लागतात आणि वर्षाअखेर झालेल्या कामांचा अहवाल ग्रामसभेला द्यावा लागतो. प्रस्तावासोबत: ठराव, सीएफआर प्रमाणपत्राची प्रत, नकाशा, टप्पा ४ ची मोजणी, कामनिहाय अंदाजपत्रक. अंदाजपत्रक रोहयोच्या दरसूचीवर करा, मग त्यावर कोणी शंका काढत नाही.

कॅम्पासाठी प्रस्ताव आरएफओ (वनपरिक्षेत्र अधिकारी) यांच्यामार्फत डीएफओंकडे (विभागीय वन अधिकारी), पोच घेऊन. एपीओ नवीन आर्थिक वर्षाच्या बराच आधी बनतो, त्यामुळे पावसाळा संपता संपता द्या. मार्चमध्ये गेलात तर एक वर्ष वाया.

कंपनीशी थेट करार करायचा असेल तर यातलं एकही सुटू नये:

- किती वर्षं. आता लिलावातले पट्टे ५० वर्षांचे असतात आणि करार तीन वर्षांचा आणतात. निदान दहा वर्षांचं बोला, आणि पट्टा दुसऱ्या कंपनीकडे गेला तर करार तिच्यावरही बंधनकारक.
- पैसा हप्त्याने, पण आगीच्या हंगामाचा हप्ता डिसेंबरच्या आधी.
- मोजणी कोण करणार. कंपनीने नेमलेली एजन्सी एकटी नको, गावची टीम सोबत.
- आकडे, फोटो, नोंदवहीतली माहिती ग्रामसभेची. औषधी वनस्पतींचं ज्ञान कोणाला वापरू द्यायचं हे ग्रामसभा ठरवणार.
- कुंपण, बोर्ड, प्रवेशबंदी ग्रामसभेच्या ठरावाशिवाय नाही.
- वाद झाला तर कोणाकडे, आणि करार मराठीत.

शेवटचं लोक हसण्यावारी नेतात. चाळीस पानी इंग्रजी करारावर अंगठा दिलेली गावं आहेत.

टप्पा ८: काम, ऋतूप्रमाणे

रोपं लावणं म्हणजे जंगल, ही समजूत आधी काढून टाका. विदर्भातल्या बहुतेक पडीक जंगलात जमिनीखाली खुंट आणि मुळं जिवंत आहेत. आग थांबली, चराई फिरती झाली की ते आपोआप फुटतात. म्हणून पैशाचा पहिला वाटा आगीवर, दुसरा माती-पाण्यावर, तिसरा घाणेरीसारखं तण काढण्यावर आणि रोपवन सगळ्यात शेवटी, तेही जिथे काहीच उगवत नाही तिथे. सरकारी मापात रोपं मोजता येतात म्हणून सगळे रोपांकडे धावतात.

डिसेंबर-जानेवारी: जाळरेषा साफ करा. पालापाचोळा झाडून मध्यभागी घ्या आणि सकाळच्या दवात, दहा माणसं हाताशी असताना जाळा. दुपारी नाही, वाऱ्यात नाही.

फेब्रुवारी ते मे: आगीची गस्त. आग बहुतेक वेळा मोहाखालून सुटते. पहाटे फूल वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि तो विझला असं समजून घरी येतात, आत कुठेतरी लाकडाचा ओंडका धुमसत असतो, दुपारी वारा सुटला की गेला डोंगर. यावर भाषण उपयोगाचं नाही. झाडाखाली जाळी बांधायला द्या, फूल स्वच्छ मिळतं, भावही बरा येतो, पाला जाळायची गरज उरत नाही. प्रत्येक मोहाचं झाड कोणाचं हे गावाला माहीत असतं, त्यामुळे जाळी कोणाला द्यायची हा प्रश्न पडत नाही. भारतीय वन सर्वेक्षणाकडे मोबाईल नंबर नोंदवला की सॅटेलाइटवर दिसलेल्या आगीचा एसएमएस येतो, गस्तीतल्या दोघांचे तरी नंबर टाका.

एप्रिल-मे: समतल चर, दगडी बांध, उतारावर वरून खाली या क्रमाने. खालून सुरू केलं तर पहिल्याच पावसात वरची माती खालचं काम बुजवते.

जून-जुलै: बिया टाकणं, थोडी रोपं. मोह, चार, बेहडा, आवळा, बांबू. बी आपल्याच जंगलातलं.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: चौकटींची मोजणी, दरवर्षी त्याच महिन्यात. एका वर्षी ऑक्टोबर आणि पुढच्या वर्षी मे केला तर आकडे जुळणारच नाहीत.

*चूक जी नेहमी होते:* मजुरी महिनोन् महिने अडकते आणि गस्तीची माणसं नेमकी मार्चमध्ये कामाला बाहेर जातात. निदान दोन महिन्यांची गस्तीची मजुरी खात्यात बाजूला ठेवा, दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही.

टप्पा ९: हिशोब आणि पाठपुरावा

मस्टर, मोजमाप पुस्तक, व्हाउचर, चौकटींचे फॉर्म आणि प्रत्येक चौकटीचा त्याच कोपऱ्यावरून काढलेला फोटो. वर्षातून एकदा गावाचं सामाजिक अंकेक्षण, त्या दिवशी शेजारच्या गावची चार माणसं बोलवा, आपल्याच माणसांसमोर लोक विचारायला लाजतात.

कॅम्पा किंवा डीएमएफचा पैसा गावाच्या नावाने दाखवला आणि गावात कामच दिसत नाही, तर माहिती अधिकारात अर्ज टाका. मागायचं ते नेमकं मागा: कक्ष क्रमांक, वर्ष, कामाचं नाव, मोजमाप पुस्तकाची प्रत. उत्तर ३० दिवसांत द्यायचं असतं. "सर्व माहिती द्यावी" असं लिहिलं की टोलवाटोलवी होते.

मोजणीत सुधारणा दिसत नसेल तर तेही लिहा. कुठल्या वर्षी किती आग लागली, कुठल्या टोल्याने सहकार्य केलं नाही, का केलं नाही, आणि पुढच्या वर्षी आराखड्यात काय बदललं. हे बदल ग्रामसभेच्या ठरावाने करायचे, समितीने परस्पर नाही.

फाईलच्या तीन प्रती ठेवा. एक ग्रामसभेच्या पेटीत, एक शाळेत किंवा अंगणवाडीत, एक शेजारच्या ग्रामसभेकडे. स्कॅन करून गावातल्या दोन मोबाईलवर पण असू द्या. अधिकारी बदलून जातात, कंपनीचा माणूसही बदलतो, आणि नवीन आलेला पहिलं वाक्य हेच बोलतो की जुनं रेकॉर्ड आमच्याकडे नाही.